गांधीलमाशीच्या अंगावर बसून तिच्या पोळ्यात शिरणारा भुंगेरा खरंच असतो का?

खरं आहे. असा भुंगेरा असतो, आणि तो गांधीलमाशीचीच पिल्लं खाऊन वाढतो. मी तो पाहिलाय.

मी इंग्लंडमध्ये राहते. एका उन्हाळ्यात आमच्या पोटमाळ्यावर गांधीलमाश्यांनी पोळं केलं होतं. ऑगस्टच्या शेवटी तिथल्या खिडकीच्या काचेवर सेंटीमीटरभर लांबीचा एक किडा धडपडताना दिसला. अंग काळं, पंख पिवळट-नारिंगी, आणि मिशा जपानी पंख्यासारख्या पसरलेल्या. म्हणजे तो नर. मादीच्या मिशांना एवढा थाट नसतो. याचं नाव मेटोइकस पॅराडॉक्सस. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७६१ मध्ये त्याची नोंद केली. मेटोइकस म्हणजे प्राचीन ग्रीक शहरांत राहायला आलेला परका माणूस. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी.

आता पुढचा प्रश्न: पोळ्यातच सगळं खाणं असताना तो बाहेर का पडतो, आणि परत आत कसा येतो?

गांधीलमाश्यांचं पोळं एकाच वर्षाचं असतं. थंडीत सगळ्या कामकरी माश्या मरतात, फक्त नव्या राण्या उरतात, आणि त्या पुढच्या वर्षी जुन्या पोळ्यात फिरकत नाहीत. तिथेच अंडी घातली तर पिल्लं उपाशी मरणार. म्हणून भुंगेऱ्याची मादी शेकडो अंडी कुजक्या लाकडाच्या भेगांत घालते. अंडी हिवाळा तिथेच काढतात आणि पुढच्या वर्षी त्यांतून मिलिमीटरहूनही लहान, सहा पायांच्या चपळ अळ्या निघतात. आणि वाट बघत बसतात.

कशाची? पोळ्याचा कागद बनवायला गांधीलमाश्या जुनं लाकूड खरवडून नेतात. तशी एखादी आली की अळी तिला चिकटते आणि थेट पोळ्यात उतरते. बहुतेकींच्या नशिबी माशी येतच नाही, म्हणून तर एवढी अंडी.

आत गेल्यावर ती गांधीलमाशीच्या अळीत भोक पाडून शिरते आणि आतून तिला खात वाढते. मग बाहेर येऊन तिच्या मानेभोवती कॉलरसारखी गुंडाळी करून बसते आणि उरलेली सगळी फस्त करते. हा आधी आत, मग बाहेर असा प्रकार अल्जर्नन चॅपमन या डॉक्टरांनी १८७० मध्ये लिहून ठेवला. पुढे त्याच कप्प्यात कोष, आणि कोषातून भुंगेरा. त्याच्या अंगावरचा वास गांधीलमाश्यांच्या वासाशी बराच जुळतो, त्यामुळे निसटायला वेळ मिळतो. त्यानंतरचं आयुष्य मोजक्या दिवसांचं.

भारतात याच कुळातले मॅक्रोसियागॉन भुंगेरे आहेत. त्यांच्या अळ्या लाकडाऐवजी फुलांत दबा धरून बसतात.