कटिंग चहा आणि निकोटिनचा गम

प्रिय मित्रा,

सिगारेट सोडायचीय, महापेला ऑफिसखाली एक जण व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, मिळवून देतो म्हणतोय, घेऊ का, असं विचारलंस. नको घेऊस. ब्रिटनमध्ये सिगारेट सोडायला व्हेप वापरतात आणि त्याचा उपयोग होतो, हे खरं. पण तिथे लिक्विडमध्ये मिलीलिटरला 20 मिलिग्रॅमच्या वर निकोटिन चालत नाही. आपल्याकडे 2019 च्या कायद्याने विक्री, आयात, साठवण सगळंच बंद. म्हणजे तुझ्या हाती येणार तो चोरटा माल, आत काय भरलंय ते देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. शिवाय ऑफिसात व्हेप आणि टपरीवर सिगारेट असं सुरू झालं, की सुटलं काहीच नाही.

त्यापेक्षा मेडिकलमधून निकोटिन गम घे. 2 मिलिग्रॅमचा चिठ्ठीशिवाय मिळतो. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर 4 चा हवा, त्याला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. हृदयाचा त्रास असेल तर आधी त्यांनाच विचार.

बहुतेकांचा गम फसतो तो चावण्यात. कचाकचा चावला की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं. मग उचकी, जळजळ, मळमळ, आणि तलफ तशीच. हळू चाव. तिखटसर चव आली, झिणझिणलं, की थांब आणि गाल-हिरडीच्या मध्ये ठेवून दे. चव गेली की पुन्हा चाव, जागा बदल. अर्धा तास असंच. सिगारेटसारखी किक लगेच बसत नाही, म्हणून तलफ चढायच्या आधीच तोंडात टाक.

दुसरा घोटाळा कटिंगचा. चहा, कॉफी, कोल्ड्रिंकने तोंडात आम्ल वाढतं आणि निकोटिन गालातून शोषलंच जात नाही. चहानंतर पंधरा मिनिटं थांब. गम तोंडात असेपर्यंत फक्त पाणी. टपरीवर हे पाळणं कठीण, तेव्हा पहिले काही आठवडे चहा वर ऑफिसातच पी. तोही निम्मा. धुरामुळे शरीर कॅफिन झपाट्याने संपवतं. धूर थांबला की तोच चहा जास्त चढतो. धडधड होते, झोप उडते, आणि खापर फुटतं गमवर.

पहिले सहा आठवडे तासा-दोन तासांनी एक गम, पुढचे तीन आठवडे दोन-चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे चार-आठ तासांनी. सुरुवातीला दिवसाला नऊच्या खाली येऊ नकोस. इथे काटकसर केलीस की पाय टपरीकडे वळलेच. आणि 'दहाच्या पाच करतो' यावर विसंबू नकोस, उरलेल्या पाचांचे झुरके आपोआप लांबतात.

पहिले तीन-चार दिवस सगळ्यात जड जातात. 1800-11-2356 हा तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या हेल्पलाइनचा मोफत नंबर फोनमध्ये सेव्ह कर. लायटर ठेवायचास त्या खिशात गमची स्ट्रिप राहू दे.

सिगारेट सोडायची तारीख ठरली की कळव.