जबड्याला हात लावण्याआधी

भावा, जबडा दुखतोय म्हणून कोण आलं की लगेच मालिश सुरू करू नकोस. आधी तोंड उघडायला लाव. त्याचीच तीन बोटं उभी आत जायला हवीत, म्हणजे साधारण ४० मिलिमीटर. जात नसतील तर गालाच्या आत बघ. आपल्याकडं मावा-गुटखा खाणारे काय कमी आहेत? आतली त्वचा पांढरट, ताठ दिसली तर तो सांध्याचा दोष नव्हे. मालिशनं ते सुटत नाही आणि पुढं कॅन्सरचा धोका असतो. सरळ दंतवैद्याकडं पाठव. ताप, सूज, ताजा मार असेल तरी डॉक्टरच. आणि जबड्याबरोबर छातीत दाटतंय म्हणाला, तर थेट कोल्हापूरचं सीपीआर हॉस्पिटल गाठायला लाव!

आता हाताचं काम. दात दाबल्यावर गालावर फुगतो तो स्नायू म्हणजे मॅसेटर. मग दात सुटे ठेवायला सांग, ओठ मिटलेले चालतील. दोन बोटांनी गालाच्या हाडापासून खाली, सावकाश. जोर लावलास तर तो आणखी आवळतो. कानशिलावरचा स्नायू आणि मानही घे. जबड्याच्या कोनाखाली मात्र दाबायचं नाही, तिथं मेंदूकडं जाणारी रक्तवाहिनी आहे. तोंडातून मालिश ग्लोव्ह घालून, तेही नीट शिकल्यावर.

नुसता टक् आवाज येतोय, दुखत नाही, तर छेडू नकोस.

घरी ऊस आणि चिवट मटण काही दिवस बंद. रस्सा चालतो, हे आधीच सांग, नाहीतर पुन्हा येणार नाही. तालमीतला गडी असेल तर जोर मारताना दात आवळतो का, तेही विचार.