तेहतिसाव्या वर्षी नीट परीक्षा द्यावी का? रात्रपाळीच्या सिस्टरला उत्तर

मावशी,

मी चाकणजवळच्या एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. वय ३३, माहेर लातूर जिल्ह्यातलं. २०११ला बारावी झाले, फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीला ६१ टक्के होते. डॉक्टर व्हायचं होतं, पण त्याच वर्षी वडील गेले. धाकटा भाऊ शाळेत होता. लवकर पगार सुरू होईल म्हणून बी.एस्सी. नर्सिंग केलं. त्याचं इंजिनिअरिंग माझ्याच पगारावर झालं. आता लग्न झालंय, सहा वर्षांची मुलगी आहे, घराच्या हप्त्याला माझा पगार लागतो.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री ऑपरेशन झालेल्या एका काकांचं बीपी उतरत चाललं होतं. पल्स १३०, युरीन बॅग तीन तास कोरडी. आरएमओंना, म्हणजे रात्रीच्या ड्यूटीवरच्या डॉक्टरांना, दोनदा फोन केला. "सलाइन वाढवा, सकाळी सर राउंडला बघतील," म्हणाले. पहाटे त्यांना आयसीयूत हलवावं लागलं. ते वाचले. पण मला सगळं दिसत होतं आणि करता काहीच येत नव्हतं. तेव्हापासून एमबीबीएस डोक्यातून जात नाही.

नोकरी सोडून वर्षभर लातूरला नीटची, म्हणजे एमबीबीएसच्या प्रवेश परीक्षेची, रिपीटर बॅच करावी म्हणते. मुलगी सासूबाईंकडे राहील. मिस्टर म्हणतात, तुला जमत असेल तर कर. सासूबाई म्हणतात, आता पोरीच्या शिक्षणाचं बघ. भाऊ म्हणतो, एवढी कटकट कशाला, परदेशातून कर, ओळखीचा एजंट आहे. ओडिशातल्या ६४ वर्षांच्या गृहस्थांना एमबीबीएसला प्रवेश मिळाल्याची बातमी मी जपून ठेवलीय. माझं वय निघून गेलंय का? हा स्वार्थ आहे का?

रात्रपाळीची सिस्टर

प्रिय सिस्टर,

मावशी म्हटलंयस म्हणून अगं-तुगं करते.

वयाचं आधी सांगून टाकते. नियमात तुझं वय कुठेही आड येत नाही. पूर्वी खुल्या गटाला २५ आणि राखीव गटाला ३० अशी अट घातली होती, त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि मार्च २०२२मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने वरची वयोमर्यादा काढूनच टाकली. किती वेळा बसायचं यावरही बंधन नाही. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी होते आणि त्यात ६१ टक्के आहेत, म्हणजे पात्रतेचाही प्रश्न नाही. तू जपून ठेवलेली बातमी खरी आहे. जय किशोर प्रधान हे स्टेट बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, २०२०ची नीट देऊन बुर्ल्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात गेले. मला त्यांचं मनापासून कौतुक आहे. पण ते निवृत्त झाल्यावर गेले आणि तुझ्या डोक्यावर घराचा हप्ता आहे. ती बातमी बघून हुरूप येऊ दे, हिशोब मात्र तुझ्या घरचाच मांड.

आता मला जे खरोखर विचारायचंय ते. त्या रात्रीबद्दल तू जे लिहिलंयस ते मी परत परत वाचलं. युरीन बॅग तीन तास कोरडी आहे हे तुझ्या लक्षात आलं, पल्सशी तू त्याचा संबंध जोडलास, दोनदा फोन केलास. तुझी नजर तयार आहे, यात मला शंका नाही. पण तू डॉक्टर व्हायचं म्हणतेस तेव्हा तुझ्या डोळ्यांपुढे नेमकं कोण येतं? सकाळी राउंडला येणारे सर, की रात्री फोन उचलणारे आरएमओ?

हे विचारते कारण रस्ता कुठे पोचतो ते आत्ताच बघायला हवं. पुढच्या मे महिन्यात बसलीस आणि पहिल्याच फटक्यात सीट मिळाली असं धरू. साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप, सरकारी कॉलेज मिळालं तर वर राज्याच्या सेवेचं एक वर्ष. तोवर तू चाळिशीत असशील. आणि तेव्हा ज्या खुर्चीत बसशील ती त्या आरएमओंची. रात्री तीन वाजता कुणीतरी विशीतली सिस्टर तुला फोन करेल आणि तुला उठून जावं लागेल. राउंडवाले सर व्हायचं तर पुन्हा प्रवेश परीक्षा आणि आणखी तीन वर्षं. म्हणून एखाद्या ड्यूटीनंतर शांत बसून स्वतःला विचार, चाळिसाव्या वर्षी मला ती रात्रीची खुर्ची हवी आहे का? तो फोन मीच उचलावा असं वाटतं का? उत्तर "हो" असेल तर माझा तुला पूर्ण पाठिंबा आहे. हॉस्पिटलात डॉक्टरला मिळणारा मान, सिस्टरला ऐकावी लागणारी बोलणी, एवढंच त्यामागे असेल तर त्यात गैर काही नाही, ते दुखणं खरंच आहे. फक्त तेवढ्या बळावर साडेपाच वर्षं निघत नाहीत.

तू विचारलेलं नाहीस, तरी एक गोष्ट सांगते. भारतीय परिचर्या परिषदेचा क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनर म्हणून दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. बी.एस्सी. नर्सिंग आणि कामाचा, शक्यतो आयसीयूचा, अनुभव असलेल्यांसाठी तो आहे, आणि खालावत चाललेला पेशंट वेळेत ओळखून ठरलेल्या चौकटीत उपचार सुरू करणं हेच त्यात शिकवतात. डॉक्टरइतके अधिकार त्यात मिळत नाहीत. पण त्या रात्री तुला जे करता यावंसं वाटत होतं त्याच्या तो बराच जवळ जातो. दुय्यम म्हणून बाजूला सारू नकोस, त्याची माहिती काढ आणि मग ठरव.

नीटच द्यायची ठरली, तर परीक्षेबद्दल स्पष्ट बोलू. तुझ्या वेळी राज्याची सीईटी होती, नीट २०१३ला आली. आता २० लाखांहून जास्त मुलं बसतात आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा आहेत सव्वा लाखाच्या आसपास. त्यातल्या सरकारी साधारण निम्म्या. पात्र ठरणं आणि सीट मिळणं यांत केवढा फरक आहे बघ. २०२५ला खुल्या गटासाठी पात्रतेचा आकडा ७२०पैकी १४४ होता, आणि आपल्याकडची सरकारी सीट त्याच्या कितीतरी वर जाऊन थांबली. १४४ मिळवणारी मुलगी पात्र असते आणि घरी असते. खासगी कॉलेजचा खर्च वर्षाला कित्येक लाख, अभिमत विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी २० लाखांच्या पुढे. तुमच्या घराला ते झेपणार नाही, झेपवूही नका. म्हणजे तुझं लक्ष्य सरकारी सीट, आणि तेवढंच.

१८० प्रश्न, तीन तास. त्यातले ९० बायोलॉजीचे. तुला वाटेल हे आपलं घरचं मैदान. अर्धं आहे, अर्धं नाही. हृदयाचे कप्पे, नेफ्रॉन, हॉर्मोन्स तू झोपेतून उठून सांगशील. पण त्याच पेपरात मेंडेलचे वाटाणे आहेत, फुलांच्या कुळांची वैशिष्ट्यं आहेत, सी-फोर वनस्पतींचं प्रकाशसंश्लेषण आहे, आणि ते एनसीईआरटीच्या पुस्तकातल्या ओळीबरहुकूम विचारतात. तू वॉर्डात रोज वापरतेस ते औषधांचं ज्ञान तिथे कुणी विचारत नाही. खरी गाठ फिजिक्सशी आहे. ४५ प्रश्न, १८० गुण, चुकलं की एक वजा. रोटेशनल मोशन आणि इलेक्ट्रोस्टॅटिक्स बारावीनंतर तू बघितलेलंच नसणार. मोठ्या वयात नीटला बसणारे बहुतेक जण अडतात ते तिथेच, आणि कारण वय नसतं. गणिताचा हात सुटलेला असतो.

म्हणून लातूरला आत्ता जाऊ नकोस. लातूरच्या क्लासेसबद्दल माझं वाईट मत नाही, तिथल्या शिस्तीने खेड्यापाड्यांतली कितीतरी मुलं डॉक्टर झाली. पण ती सतरा-अठराची मुलं असतात, त्यांचा कालपर्यंत तोच अभ्यास चालू असतो. तू चौदा-पंधरा वर्षांनी त्या बाकावर बसशील, लेकीला मागे ठेवून, पगार बंद करून, आणि पहिल्याच आठवड्यात सर अकरावीचं येतंच असं धरून पुढे जातील.

त्याऐवजी सुटीच्या एका रविवारी मागच्या वर्षीचा पेपर काढ. दुपारी दोन ते पाच, फोन दुसऱ्या खोलीत, ओएमआर उत्तरपत्रिकेची झेरॉक्स, काळं बॉलपेन. काही न वाचता बस. गुण कमी येतील, ते मनाला लावून घेऊ नकोस. फिजिक्सच्या किती प्रश्नांत निदान काय विचारलंय ते कळलं, एवढंच बघ. मग नोकरी सांभाळून चार महिने फक्त अकरावीचं फिजिक्स आणि त्याला लागणारं गणित. जमलं तर रात्रपाळ्या कमी करून माग. पुढच्या मेमध्ये नोकरीत असतानाच परीक्षेला बस. चारशेच्या आत राहिलीस तर राजीनाम्याचा विषय तिथेच थांबव, असं माझं स्पष्ट मत आहे. चारशेच्या बऱ्यापैकी वर गेलीस, तर एक वर्ष पूर्णवेळ अभ्यासाचा विचार घरात मांड. तेव्हा तुझ्या हातात स्वतःचा आकडा असेल आणि बोलणं त्यावर होईल.

घरात बोलणं मात्र आत्ताच सुरू कर. "तुला जमत असेल तर कर" असं मिस्टर म्हणतात, तर त्यांना मोडता घालायचा नाही, हे चांगलंच आहे. पण कशाला होकार देतोय हे त्यांना माहीत आहे का? हजेरी थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के लागते, म्हणजे शिकताना नोकरी हा विषयच नाही. आणि सीट पुण्यातच मिळेल कशावरून? प्रवेशाच्या राउंडला गोंदिया आलं, नंदुरबार आलं तर? तू हॉस्टेलला, ते चाकणला, लेक दुसरीत. आजारी पडली तर रजा कोण टाकणार, पालकसभेला कोण जाणार, हप्ता कशातून जाणार, सासूबाईंचे गुडघे किती वर्षं साथ देणार. हे एकेक नाव घेऊन बोला, कागदावर मांडा. त्या कागदाकडे बघूनही ते "जा" म्हणाले, तर तो होकार मी मानेन.

सासूबाईंवर रागावू नकोस. नातीचा भार आपल्यावर येणार हे त्यांना आधी दिसलं, आणि त्यांना कुणी विचारलेलं नाही. त्यांना विचार.

आणि स्वार्थाचं म्हणशील तर, भावाचं इंजिनिअरिंग तुझ्या पगारावर झालं तेव्हा त्याला कुणी स्वार्थी म्हटलं नाही. म्हणायला नकोच होतं. शिकावंसं वाटणं हा त्याचा हक्क होता, तसाच तो तुझा आहे. मुलगी आहे म्हणून तो कमी होत नाही. मी तर पुढे जाऊन म्हणेन, वेळ आली तर भावाकडे घराच्या हप्त्यातला वाटा माग. उसने म्हणून नको, हक्काने माग. एजंट शोधून देण्यापेक्षा त्याने बहिणीसाठी हे करावं.

त्या एजंटाचंही ऐकून घे. परदेशात एमबीबीएस करून इथे प्रॅक्टिस करायची तर नीटमध्ये पात्र व्हावंच लागतं, "नीटशिवाय प्रवेश" म्हणणारा सरळ फसवतोय. शिवाय ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, तिथली वर्षभराची इंटर्नशिप, परत आल्यावर इथली परीक्षा, आणि तीत नापास होणाऱ्यांचं प्रमाण फार मोठं. सहा वर्षांच्या लेकीला सोडून त्या वाटेला जाऊ नकोस.

शेवटी एक कंटाळवाणं पण निकडीचं काम. तुझ्या दहावीच्या सनदेवर माहेरचं नाव असणार आणि आधारवर सासरचं. लग्न झालेल्या मुली इथेच अडकतात. नीटचा फॉर्म दहावीच्या नावाप्रमाणे भरायचा, आणि दोन नावं एकाच बाईची आहेत हे दाखवायला लग्नाचा नोंदणी दाखला आणि नावबदलाचं गॅझेट जवळ हवं. मधल्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र लागेल. दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून आहे, त्यामुळे डोमिसाइल काढलंस की राज्याच्या ८५ टक्के कोट्यात तू बसतेस, आणि त्यात मुलींसाठी ३० टक्के समांतर आरक्षण आहे. तू प्रवर्ग लिहिलेला नाहीस. राखीव प्रवर्गातली असशील तर जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटी (जात पडताळणीचं प्रमाणपत्र) माहेरच्या नावानेच असते, आणि नॉन-क्रिमीलेअरला लग्नानंतरही आईवडिलांचंच उत्पन्न धरतात, नवऱ्याचं नाही. सेतू केंद्रात कुणी मिस्टरांचा उत्पन्नाचा दाखला मागितला तर हे सांग. व्हॅलिडिटीला महिनोन् महिने जातात. पेपर सोडवायचा तो रविवार कधीही येऊ दे, व्हॅलिडिटीचा अर्ज याच महिन्यात टाक.

तुझी,
मावशी