पुण्याहून पुद्दुचेरीजवळच्या ऑरोविलची मॅरेथॉन पळायला जायचं आहे, किती दिवस आधी पोचावं?

शर्यत रविवारी असेल तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पोचाच. चेन्नई विमानतळापासून पुढे रस्त्याने साधारण तीन तास लागतात, आणि शनिवार पायांना मोकळा हवा. शर्यत फेब्रुवारीत असते. तेव्हा पुण्याची हवा कोरडी असते, तिथे किनाऱ्याची दमट. घाम वाळत नाही, शरीर तापतं, म्हणून पहिले दहा किलोमीटर नेहमीपेक्षा सावकाश पळा. सुरुवात अंधारात, लाल मातीच्या जंगलवाटेवर. मुळांना पाय अडकतो, त्यामुळे डोक्यावरची बॅटरी हवीच. सरावातले बूट, पळताना ऊर्जेसाठी खायची जेलची पाकिटं आणि मीठ-साखरेची पुडी हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इन सामान वेळेवर येईलच असं नाही. मात्र तिथे धावपटूला इलेक्ट्रॉनिक चिप लावून वेळ मोजत नाहीत. दुसऱ्या शर्यतीच्या प्रवेशासाठी अधिकृत वेळ हवी असेल तर दुसरी मॅरेथॉन निवडा.