जुना फौजी ट्रक : तुमचे प्रश्न

काका, महूजवळच्या एका भंगारवाल्याकडे लिलावातून आलेला शक्तिमान ट्रक आहे. इंजिन एका सेल्फमध्ये सुरू झालं. घेऊन टाकू का? (लोकमान्य नगर, इंदूर)

इंजिनाचं नंतर, आधी कागद. फौजेच्या गाडीची आरटीओत नोंदणी करायची तर संरक्षण खात्यानं नमुना 21 मध्ये दिलेलं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं. त्यावरचा चॅसी नंबर गाडीवर चुना-खडू घासून स्वतः ताडून बघा. ‘कागद मागाहून देतो’ म्हणाला तर बयाणा देऊ नका. जबलपूरला हा ट्रक 1959 पासून जर्मन ‘मान’ कंपनीच्या परवान्यावर बनायचा. आता बनत नाही, तेव्हा सुटे भाग कुठून मिळतील तेही आधी विचारून ठेवा. आणि ऑलिव्ह ग्रीनचा मोह सोडा. केंद्रीय मोटार वाहन नियम 121 प्रमाणे तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना.

पंक्चरवाला चाकाला हात लावत नाही, ‘रिंग उडेल’ म्हणतो. उगाच घाबरतोय ना? (सुदामा नगर)

नाही हो, शहाणा माणूस आहे, त्याला चहा पाजा. जुन्या ट्रकची रिम एकसंध नसते. टायर एका लॉक रिंगनं अडकवलेला असतो. खाचेत गंज साचला किंवा रिंग नीट बसली नाही, तर हवा भरताना ती अशी सुटते की समोरचा माणूस वाचत नाही.

काही फौजी गाड्यांत तर रिमचे दोन भाग बोल्टांनी जोडलेले असतात. चाकावर नटांच्या दोन रांगा दिसतात. एक रांग चाक हबला धरते, दुसरी रिमचे दोन तुकडे. हवा असताना दुसरी रांग ढिली केली की संपलं. म्हणून पान्याला हात लावण्याआधी वॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा. खाच तारेच्या ब्रशनं लख्ख करा. वाकडी रिंग ठोकून सरळ करायची नाही, वेल्डिंग तर नाहीच. ती सरळ भंगारात. हवा लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, लांब पाइपनं, बाजूला उभं राहून भरायची. पिंजरा नसलेल्या दुकानात मी चाक देत नाही.

24 व्होल्टच्या गाडीत एकाच बॅटरीवरून टेप जोडला. चालतोय छान, पण बॅटऱ्या टिकत नाहीत. (वडोदरा)

टिकणार कशा? दोन बॅटऱ्या एकामागोमाग जोडलेल्या. टेप एकीलाच पिळतो, चार्जिंग मात्र दोघींना सारखंच. एक उपाशी राहते, दुसरी उकळते. 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर बसवा, फ्यूजसकट.

पावसाळाभर राऊच्या प्लॉटवर उभी होती. आता चाकं हलतच नाहीत. (इंदूर)

हँडब्रेक ओढून ठेवला असणार. ब्रेकशू गंजून ड्रमला चिकटलेत. दुसऱ्या ट्रकनं ओढू नका, लायनर उखडतील. टेकू देऊन चाक उचला, ब्रेक ढिला करा, ड्रमच्या कडेला लाकडी ठोकळा धरून हातोड्यानं हळूहळू ठोका. सुटलं की व्हील सिलिंडरची रबरं बदला आणि ब्रेक ऑइल नवं भरा. जुन्यानं ओल धरलेली असते. पुढच्या वर्षी हँडब्रेक मोकळा ठेवून चाकांना ठोकळे लावा.

रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत, ट्रक न्यायचा विचार आहे, हौद्यात पन्नास जण मावतील. (राजवाडा)

मावतील. पण मालाच्या गाडीत माणसं भरायची नाहीत.