स्क्रीनवरचा आकडा बरोबर, कट मात्र चुकलेला

प्रश्न : हौसेखातर मी छोटा सीएनसी राउटर (संगणकाच्या आज्ञेवर कोरणारं मशीन) बांधला आहे. ८ मिमी लीडचे, म्हणजे एका फेऱ्यात ८ मिमी सरकवणारे स्क्रू, फेऱ्याला २०० स्टेप घेणाऱ्या नेहमीच्या स्टेपर मोटरी, आणि त्यांना आज्ञा देणारा जीआरबीएल कंट्रोलर. लाकडी नामफलक कोरताना मध्येच वाय अक्ष एकदम दोनेक मिमी सरकतो आणि पुढची सगळी अक्षरं तेवढीच खाली उतरतात. दर वेळी जागा वेगळी. एक्स व्यवस्थित चालतो. स्क्रीनवर आकडे अचूक दिसतात, अक्षाच्या टोकाचे लिमिट स्विच चालू असूनही अलार्म येत नाही. मोटरला वीज देणाऱ्या ड्रायव्हरचा करंट वाढवला, फरक पडला नाही. मोटर मात्र तापते. मोटर बदलू का?

उत्तर : मोटर आत्ताच बदलू नका, आणि करंट मोटरच्या लेबलवर लिहिला आहे तेवढ्यावर परत आणा. स्टेपर मोटर हात ठेवता येणार नाही इतकी तापली तरी बहुधा ठीक असते. ड्रायव्हर तापणं मात्र महागात पडतं. तो जास्त तापला की स्वतःला वाचवायला क्षणभर बंद होतो, तेवढ्यात मोटरची पकड जाते, आणि ड्रायव्हर पुन्हा सुरू झाल्यावर काम पुढे चालू राहतं. म्हणजे करंट वाढवून दुखणं वाढलेलंही असू शकतं.

स्क्रीनवरचे आकडे अचूक दिसणारच. कंट्रोलर फक्त स्वतः पाठवलेल्या पल्स, म्हणजे पुढे सरकण्याच्या आज्ञा, मोजतो. मोटर खरोखर फिरली का, हे त्याला कळवणारं तुमच्या मशीनवर काही नाही. म्हणून खरं मोजमाप मशीनवरच घ्यावं लागेल, आणि दुरुस्तीला हात घालण्याआधी ते घ्याच, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या तर कशाने गुण आला ते कधीच कळत नाही.

आधी मार्कर घ्या. मोटरचा शाफ्ट, त्याला स्क्रूशी जोडणारं कपलिंग आणि स्क्रू या तिघांवरून एक सरळ रेघ ओढा. वाय सरकला की मशीन थांबवून रेघ पाहा. ती तुटलेली दिसली तर शोध तिथेच संपला: कपलिंगला शाफ्टवर दाबून धरणारा छोटा ग्रब स्क्रू घसरतो आहे. शाफ्टवरचं तेल पुसा, शाफ्टला सपाट बाजू असेल तर ग्रब स्क्रू नेमका तिच्यावर बसवा, थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) लावा. जमल्यास आवळून बसणारं क्लॅम्पचं कपलिंग घ्या. ग्रब स्क्रूच्या कपलिंगवर माझा फारसा विश्वास नाही.

रेघ शाबूत असेल तर सरकण्याचं माप बोलू लागतं. वायला शून्यावर परत बोलवा आणि चूक पट्टीने नव्हे, व्हर्नियरने मोजा. दर वेळी शून्याकडे एकाच बाजूने या, नाहीतर नटमधली ढिलाई मापात मिसळेल. स्टेपर मोटर ताणाखाली सुटली की कुठेही थांबत नाही. पूर्ण चार स्टेपच्या पटीतच पुन्हा पकड घेते. तुमच्या स्क्रूवर चार स्टेप म्हणजे ०.१६ मिमी. चूक १.९२ किंवा २.०८ अशी ०.१६ च्या पटीत वारंवार आली, तर मोटर जोर कमी पडून किंवा ड्रायव्हर बंद पडून सुटते आहे. पटीत बसत नसेल तर केबलमधल्या विद्युत गोंगाटाचा संशय घ्या.

चूक हळूहळू साचत गेली असती तर मी वेगळंच सांगितलं असतं. दिशा बदलताना दर वेळी एक पल्स चुकली, तर १/१६ मायक्रोस्टेपिंगवर (एका स्टेपचे सोळा भाग केल्यावर) ०.००२५ मिमी जातात आणि ८०० वेळा दिशा बदलली की २ मिमी होतात. तो दोष स्टेप सिग्नलच्या सेटिंगचा असतो. तुमचा वाय एकदम सरकतो, म्हणून त्या वाटेला जाऊ नका.

आता तोच प्रोग्राम बिट लाकडाच्या वर ठेवून चालवा, बिट फिरवणारा स्पिंडल बंद. तरीही सरकला तर कापण्याचा यात संबंध नाही. वेग वाढला की स्टेपर मोटरचा जोर घटतो, त्यामुळे ती पुष्कळदा कापताना नव्हे, एका अक्षरावरून दुसऱ्याकडे धावताना सुटते. जीआरबीएलमध्ये १११ क्रमांकाचं सेटिंग हा वायचा कमाल वेग, १२१ हे त्याचं अॅक्सिलरेशन, म्हणजे वेग वाढण्याचा दर. दोन्ही निम्मे करून पाहा. वीज बंद करून स्क्रू हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. एखाद्या जागी जड जात असेल तर रेल समांतर नसतील.

हवेत स्पिंडल चालू केल्यावरच सरकत असेल तर स्पिंडलची वायर स्टेपच्या केबलपासून दूर न्या, शील्डेड केबल वापरा आणि शील्ड एकाच टोकाला अर्थ करा. फक्त लाकडातच सरकत असेल तर प्रत्येक पासची खोली कमी करा. त्याआधी बिट बोथट झाला नाही ना, तेही बघा.

तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय कपलिंगवर आहे, दुसरा धावण्याच्या वेगावर. रेघ तुटली का, व्हर्नियरवर किती आलं आणि हवेत काय झालं, एवढं लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्यावरून सांगतो.