चीनहून मागवलेले ब्रँडेड बेअरिंग कस्टम्सने अडवले आहेत. माल परत पाठवता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. शेतीपंपांच्या दुरुस्तीसाठी लागणारे बेअरिंग आणि ऑइल सील तुम्ही चीनमधल्या एका पुरवठादाराकडून मागवले, माल न्हावाशेव्याला उतरून रेल्वेने नागपूरच्या कंटेनर डेपोत आला, आणि तपासणीत बेअरिंगच्या खोक्यांवर एका नामांकित युरोपीय कंपनीचे नाव दिसल्यामुळे कस्टम्सने सगळाच माल अडवून ठेवला. पुरवठादार म्हणतो की माल त्याच कारखान्यात बनलेला आहे, फक्त कंपनीच्या हातून आलेला नाही. हे म्हणणे टिकेल का, टिकत नसेल तर माल परत पाठवता येईल का, आणि तेही जमत नसेल तर मालावर पाणी सोडून मोकळे होता येईल का, असे तुम्ही विचारले आहे.

मी नागपुरात बरीच वर्षे कस्टम्स ब्रोकरचे, म्हणजे आयातदारांच्या वतीने कस्टम्समधून माल सोडवून देण्याचे काम करतो. माल बनावट ठरला तर तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरळ नकारार्थी आहे, आणि पहिल्याचे उत्तर पुरवठादाराकडे कोणते कागद आहेत यावर अवलंबून आहे. मात्र त्याआधी तुम्ही न विचारलेली एक गोष्ट तपासा: माल रोखल्याच्या पत्रावर तारीख कोणती आहे? या प्रकरणात पुढचे बरेचसे त्या तारखेपासून मोजले जाते.

सगळ्याचे मूळ ८ मे २००७ च्या नियमांत आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स (व्यापाराशी संबंधित बौद्धिक संपदा हक्कांच्या) करारातील ५१ ते ६० ही कलमे बनावट चिन्हाचा आणि चोरून नक्कल केलेला माल सीमेवरच रोखण्याविषयी आहेत, आणि त्यांना अनुसरून भारताने आयात मालातील बौद्धिक संपदेच्या संरक्षणाचे हे नियम केले. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम ११ खाली काढलेल्या अधिसूचनेने असा माल प्रतिबंधित ठरतो, म्हणून तुमच्या पत्रात प्रतिबंधित माल जप्तीस पात्र ठरवणाऱ्या कलम १११(ड) चा उल्लेख सापडेल. ट्रेडमार्क, प्रताधिकार, डिझाइन आणि भौगोलिक निर्देशन हे हक्क या नियमांत येतात. पेटंट पूर्वी येत होते, ते जून २०१८ मध्ये वगळले गेले, आणि माझ्या मते ते योग्यच झाले, कारण खोक्यावरचे नाव डोळ्यांनी वाचता येते, पण यंत्राच्या आतले पेटंट शेडमध्ये उभ्या असलेल्या अधिकाऱ्याने कसे ताडायचे?

ज्याचा हक्क आहे त्या कंपनीने आपला ट्रेडमार्क कस्टम्सकडे आधी नोंदवून ठेवायचा असतो. अर्जाची फी २,००० रुपये, आयुक्तांनी ३० कामकाजी दिवसांत निर्णय कळवायचा, आणि नोंदणी झाली की ती देशभरच्या कस्टम्स ठाण्यांना संगणकावर दिसते. त्यामुळे न्हावाशेव्याला सुटेल आणि नागपूरला अडकेल, किंवा याच्या उलट, असा हिशेब आता मांडता येत नाही. बिल ऑफ एन्ट्रीमध्ये, म्हणजे आयातदार कस्टम्सला देतो त्या मालाच्या घोषणापत्रात, मालाच्या वर्णनात ब्रँडचे नाव लिहिले नाही म्हणजे ते कोणाला दिसणार नाही, अशी आशा काही आयातदार बाळगतात. ती फोल आहेच, शिवाय चुकीच्या वर्णनाचा आणखी एक आरोप तिच्यामुळे अंगाशी येतो.

आता त्या तारखेकडे येतो, कारण आयातदार इथेच सर्वांत जास्त गोंधळतात. माल रोखल्यापासून १० कामकाजी दिवसांत हक्कधारक कंपनीने कार्यवाहीत सामील व्हायचे असते. योग्य कारण असेल तर ही मुदत आणखी १० कामकाजी दिवसांनी वाढवता येते. कंपनी आलीच नाही, तर आयातीच्या बाकी अटी पूर्ण असल्यास माल सोडावा लागतो. कंपनीची आधीची नोंदणी नसताना अधिकाऱ्याने स्वतःहून माल रोखला असेल, तर कंपनीने पाच दिवसांच्या आत नोंदणीची सूचना आणि बंधपत्र या अटी पुऱ्या कराव्या लागतात. तसे झाले नाही तरीही माल सुटतो. म्हणजे घड्याळ केवळ तुमच्या डोक्यावर टिकटिकत नाही, ते कंपनीच्याही डोक्यावर टिकटिकते. कंपनीला मालाच्या किमतीच्या ११० टक्के रकमेचे बंधपत्र आणि त्या रकमेच्या २५ टक्के तारण द्यावे लागते, आणि पुढे माल नष्ट करण्याचा खर्चही तिच्याच माथी येतो. माझ्या अनुभवात मोठ्या मालासाठी कंपन्यांचे वकील तातडीने येतात, चार-दोन खोक्यांसाठी पुष्कळदा येत नाहीत. तरीही कंपनी येणार नाही यावर पैज लावून बसू नका. नावाजलेल्या बेअरिंग कंपन्या याबाबत फार जागरूक आहेत, कारण बनावट बेअरिंगने पंप जळला की शेतकरी शिव्या कंपनीच्या नावाने देतो.

‘त्याच कारखान्यातला माल’ हा मुद्दा जरा सावकाश पाहण्यासारखा आहे. या एका वाक्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. पहिली अशी की कंपनीने स्वतः बनवलेला किंवा तिच्या संमतीने बनलेला माल परदेशात रीतसर विकला गेला, तिथल्या व्यापाऱ्याने तो घेतला, आणि त्याच्याकडून तुम्ही आणला. याला समांतर आयात म्हणतात. ट्रेडमार्क अधिनियम, १९९९ चे कलम ३०(३) अशा मालाला संरक्षण देते, कस्टम्सनेही मे २०१२ च्या परिपत्रकात ही बाजू स्पष्ट केली, आणि त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सॅमसंगच्या प्रिंटरांच्या खटल्यात परदेशी बाजारात कायदेशीररीत्या विकलेला खरा माल भारतात आणायला हरकत नाही, असा निर्णय दिला. फक्त मालाची स्थिती बदललेली किंवा बिघडलेली असेल तर कलम ३०(४) कंपनीच्या मदतीला येते.

दुसरी गोष्ट अशी की कंपनीने एखाद्या कारखान्याला दहा हजार नग बनवायचे कंत्राट दिले, कारखान्याने बारा हजार बनवले आणि वरचे दोन हजार मागच्या दाराने विकले. पोलाद तेच, यंत्रे तीच, कामगारही तेच असतील. पण त्या दोन हजार नगांवर नाव छापायला कंपनीची संमती नव्हती, आणि तो माल कंपनीने किंवा तिच्या संमतीने बाजारात आणलेला नाही, म्हणून कलम ३०(३) चे छत्र त्याला मिळत नाही. तुमचा पुरवठादार ‘कंपनीच्या हातून आलेला नाही’ असे म्हणतो, तेव्हा तो नकळत हेच कबूल करतो आहे, अशी मला शंका आहे. त्याच्याकडे कंपनीच्या अधिकृत विक्रेत्यापासून स्वतःपर्यंतची इनव्हॉइसची साखळी मागा. ती साखळी आज-उद्या ई-मेलने आली, तर तुमची बाजू भक्कम आहे. ‘विश्वास ठेवा, माल ओरिजिनल आहे’ एवढेच उत्तर आले, तर काय ते समजून घ्या. आपल्या नागपूरच्या इतवारी बाजारात दुकानदार गिऱ्हाइकाला तोंडावर विचारतो, ‘ओरिजिनल दाखवू की डुप्लिकेट?’ त्या व्यवहारात गिऱ्हाईक फसत नाही हे खरे, पण ट्रेडमार्कचा हक्क गिऱ्हाइकाचा नसून कंपनीचा आहे, त्यामुळे हा रोखठोकपणा कस्टम्सपुढे उपयोगी पडत नाही.

तपासणी कशी होते याची कल्पना यावी म्हणून एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात माझ्या एका आयातदाराचे बेअरिंग असेच रोखले गेले होते. पत्र्याच्या शेडमध्ये बसवत नव्हते, तरी कंपनीचा तंत्रज्ञ मुंबईहून येऊन दोन तास शांतपणे काम करत राहिला. अधिकाऱ्यासमोर आणि आमच्यासमोर त्याने वेगवेगळ्या कार्टनमधली चोवीस खोकी निवडली आणि एका लाकडी फळीवर ओळीने मांडली. बेअरिंगला त्याने हातही लावला नव्हता. त्याने आम्हाला फक्त खोक्यांवरचा बॅच क्रमांक वाचायला सांगितला. चोवीसही खोक्यांवर एकच क्रमांक होता, आणि खोक्यांत तीन वेगवेगळ्या मापांचे बेअरिंग होते. मग त्याने एक बेअरिंग कागदातून सोडवले, सोबत आणलेल्या नमुन्याशेजारी ठेवले आणि भिंग माझ्या हातात दिले. नमुन्यावरची अक्षरे लेसरने कोरलेली, बारीक आणि सारख्या खोलीची होती. आमच्या मालावरची अक्षरे आम्लाने खाल्ल्यासारखी, कडेला पसरलेली होती. माझ्या आयातदाराने तेवढ्यात बेअरिंग बोटावर फिरवून ‘पण फिरते तर मस्त’ असे म्हटले. अधिकारी हसले आणि त्यांनी पंचनाम्यात फक्त छपाईविषयी लिहिले. माल किती चांगला आहे हा प्रश्न तिथे नसतोच. प्रश्न असतो त्याच्यावर छापलेल्या नावाचा. नमुने पाहण्याचा आणि स्वतःच्या तज्ज्ञाकडून तपासून घेण्याची परवानगी मागण्याचा मार्ग तुम्हालाही मोकळा आहे, तेव्हा तपासणीच्या दिवशी ब्रोकरच्या पोऱ्याला पाठवून घरी बसू नका.

माल परत पाठवण्याविषयी नियम स्पष्ट आहे: हक्कभंग करणारा माल आहे त्या स्थितीत पुनर्निर्यात करता येत नाही. कारण उघड आहे. इथून परत गेलेला माल उद्या दुसऱ्या देशाच्या बंदरावर उतरेल. तो सरकारी देखरेखीखाली नष्ट करावा लागतो, किंवा कंपनीची ना हरकत घेऊन नेहमीच्या बाजाराबाहेर त्याची विल्हेवाट लावली जाते, आणि कंपनीने २० कामकाजी दिवसांत हरकत घेतली नाही तर तिची संमती गृहीत धरतात. एरवी जप्त माल दंड भरून सोडवण्याची सोय कलम १२५ मध्ये आहे, पण प्रतिबंधित मालाबाबत ती अधिकाऱ्याच्या मर्जीवर असते, आणि नष्ट करण्याचा नियम समोर असताना ती मिळेल अशी आशा मी तुम्हाला दाखवणार नाही.

मालावर पाणी सोडण्याची कल्पना बऱ्याच जणांना सुचते. कलम २३(२) खाली आयातदाराला मालावरचा हक्क सोडता येतो हे बरोबर आहे. मात्र ज्या मालाबाबत या किंवा दुसऱ्या एखाद्या कायद्याखाली गुन्हा झालेला दिसतो, त्याला ही सवलत नाही, असे त्याच कलमाचे परंतुक (अपवाद सांगणारा भाग) सांगते. त्यामुळे ‘मला माल नको’ असे पत्र देऊन सुटका होत नाही. कलम १२४ खाली कारणे दाखवा नोटीस येईल, सुनावणी होईल, आणि माल बनावट ठरला तर कलम ११२ खाली मालाच्या किमतीपर्यंत किंवा ५,००० रुपयांपर्यंत, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तिच्यापर्यंत दंड होऊ शकतो. दंड किती करायचा हे ठरवताना अधिकारी तुमचे वागणे पाहतात. पुरवठादाराशी झालेला पत्रव्यवहार, त्याने दिलेली हमी, बाजारभावाशी जुळणारी खरेदी किंमत, ही कागदपत्रे पहिल्याच उत्तरासोबत जोडा. खरेदीचा दर खऱ्या मालाच्या पाव हिस्सा असेल, तर ‘मला माहीत नव्हते’ हे वाक्य लिहू नका. ते कोणाला पटत नाही आणि पुढची खरी वाक्येही त्याच्यासोबत बुडतात.

डेपोच्या भाड्याविषयी घाबरून कोणी सल्ला देईल ती सही करू नका. कस्टम्सने रोखलेल्या किंवा जप्त केलेल्या मालावर डेपोचालकाने भाडे किंवा डेमरेज (माल वेळेत न उचलल्याबद्दलचा आकार) आकारू नये, अशी तरतूद २००९ च्या कार्गो हाताळणीच्या नियमावलीत आहे. त्यासाठी कस्टम्सकडून रोखून ठेवल्याचा दाखला लेखी मागावा लागतो. तो आपोआप मिळत नाही. शिपिंग लाइनचे कंटेनरचे भाडे हा वेगळा विषय आहे, तेव्हा परवानगी काढून माल कंटेनरमधून शेडमध्ये उतरवून घ्या आणि कंटेनर रिकामा परत करा.

राहता राहिले ऑइल सील. त्यांच्यावर कोणाचेही नाव नाही असे तुम्ही लिहिले आहे, म्हणजे त्यांना या नियमांखाली अडवून ठेवायला आधार नाही. एकाच बिल ऑफ एन्ट्रीत असल्यामुळे ते बेअरिंगसोबत अडकले आहेत इतकेच. पॅकिंग लिस्टवर त्यांचे कार्टन क्रमांक खूण करून, ते वेगळे काढून सोडावेत असा अर्ज तपासणीच्या आधीच द्या. तपासणीच्या वेळी तीही कार्टन उघडून दाखवायची तयारी ठेवा, आणि अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.